पारा ३४ अंशांवर, तरी मुंबई एवढी का उकडते? तापत्या समुद्राचा माग काढणाऱ्या शास्त्रज्ञाच्या संशोधनातून मिळणारे उत्तर

मार्च उजाडला की मुंबईकर मोबाइलवर आधी तापमान बघतो. कुलाबा ३३, सांताक्रूझ ३५. त्याच पडद्यावर नागपूर ४२, चंद्रपूर ४३ असे आकडे असतात. त्यांच्यापुढे आपले आकडे किरकोळ वाटतात. तरीही गिरगावातल्या चाळीत दुपारी पंख्याखाली बसून सदरा भिजतो, लालबागला पत्र्याखालच्या खोलीत रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही आणि दादर स्थानकाच्या पुलावर घामाची धार थांबत नाही. आकडा कमी आणि त्रास जास्त, असे का होते?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग मुंबईच्या पश्चिमेला, अरबी समुद्रात आहे. हा समुद्र कसा तापतो आहे, याचा माग काढण्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील (आयआयटीएम) शास्त्रज्ञ डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी गेली दीड दशके घालवली आहेत. त्यांचे संशोधन काय सांगते, त्याचा गिरगाव-लालबाग-परळशी काय संबंध आणि शहराने त्यातून काय शिकायला हवे, याचा हा आढावा.

पारा आणि अंग यांचे गणित का जुळत नाही?

आपले शरीर स्वतःला थंड ठेवते ते घाम सुकवून. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण सुकला, तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र घाम नुसता येऊन चालत नाही, तो सुकावा लागतो. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम सुकत नाही, अंगावरून ओघळतो. ओघळलेल्या किंवा रुमालाने टिपलेल्या घामाने शरीर फारसे थंड होत नाही. पाणी मात्र कमी होते.

म्हणून शास्त्रज्ञ हवेचे तापमान आणि आर्द्रता एकत्र पाहतात. त्यासाठीचे एक जुने माप आहे ‘ओल्या फडक्याचे तापमान’, म्हणजे वेट बल्ब टेम्परेचर. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा दिला की पाणी सुकते आणि पारा उतरतो. तो जिथे थांबतो ते हे तापमान. घामाने शरीर किती थंड होऊ शकेल, याची ती साधारण मर्यादा असते.

आता दोन शहरांची तुलना करू. नागपुरात ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्याचे तापमान सुमारे २२ अंश येते. मुंबईत ३४ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर ते सुमारे साडेअठ्ठावीस अंश येते. पाऱ्यावर मुंबई आठ अंशांनी मागे आहे, पण घाम सुकण्याच्या हिशेबात ती नागपूरपेक्षा साडेसहा अंशांनी पुढे आहे. हेच ३४ अंश आणि ६५ टक्के अंगाला जाणवतात ते साधारण ४४ अंशांसारखे.

याचा अर्थ नागपूरची उष्णता सौम्य आहे, असा मुळीच नाही. तिथले ऊन आणि झळा जिवावर बेततात. मुद्दा एवढाच की मुंबईचा उकाडा वेगळ्या जातीचा आहे आणि एकट्या पाऱ्याला तो दिसत नाही.

माणसाचे शरीर किती दमट उष्णता सोसू शकते? ओल्या फडक्याचे तापमान ३५ अंश ही सैद्धांतिक मर्यादा २०१० मध्ये मांडली गेली. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात धडधाकट तरुणांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच गाठली जाते, असे २०२२ मध्ये दिसून आले. ही तरुणांची गोष्ट झाली. वृद्ध, लहान मुले, हृदयविकाराचे रुग्ण आणि अंगमेहनत करणारे यांची मर्यादा त्याहून खाली असते.

डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल कोण आहेत?

कोल मूळचे केरळचे. कोट्टयम जिल्ह्यातील मीनाचिल नदीकाठचे भरणंगानम हे त्यांचे गाव. जपानमधील होक्काइडो विद्यापीठातून त्यांनी समुद्र आणि वातावरण यांच्या परस्परसंबंधांवर डॉक्टरेट केली. त्यानंतर काही काळ इटलीतील हवामान संशोधन केंद्रात काम करून ते पुण्याला पाषाणच्या आयआयटीएममध्ये आले. १९६२ मध्ये सुरू झालेली ही संस्था आज केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाखाली आहे. मान्सूनचा अभ्यास हा तिचा पाया.

कोल यांची सुरुवातही मान्सूनपासूनच झाली. मान्सून समजून घ्यायचा तर हिंदी महासागर समजून घ्यावा लागतो. त्या महासागराच्या शंभर वर्षांच्या नोंदी तपासताना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली आणि तिथून त्यांच्या संशोधनाची दिशा ठरली.

पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवरही या कामाची दखल घेतली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीने, म्हणजे आयपीसीसीने, महासागर आणि बर्फाच्छादित प्रदेशांवर २०१९ मध्ये विशेष अहवाल काढला. त्याच्या प्रमुख लेखकांमध्ये कोल होते. अमेरिकन जिओफिजिकल युनियनने २०२२ मध्ये त्यांना देवेंद्र लाल पदक दिले. भारत सरकारच्या पहिल्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत, २०२४ मध्ये, भूविज्ञानासाठीचा विज्ञान युवा-शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला.

त्यांना नोंदींमध्ये काय विचित्र दिसले?

हिंदी महासागराचा पूर्व आणि मध्य भाग पूर्वापार उबदार. पश्चिम भाग, म्हणजे सोमालियापासून अरबी समुद्रापर्यंतचा पट्टा, उन्हाळ्यात त्या मानाने थंड. मान्सूनचे वारे तिथले खोल थंड पाणी वर आणतात. त्यामुळे तापमानवाढीत पश्चिम भाग मागे असेल, असा समज होता. नोंदी उलटे सांगत होत्या.

२०१४ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लायमेट’मध्ये कोल आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळ्यातले पृष्ठभागाचे तापमान १.२ अंशांपर्यंत वाढले होते, तर आधीपासून उबदार असलेल्या भागात वाढ ०.७ अंशांच्या आसपास होती. जो भाग थंड असायचा, तोच वेगाने तापत होता.

एक अंश म्हणजे किती, असे वाटू शकते. पण हवा एक अंश तापवणे आणि समुद्र एक अंश तापवणे यात फार फरक आहे. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकणाऱ्या अतिरिक्त उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता महासागर शोषतात. शिवाय हिंदी महासागराला उत्तरेकडे आशिया खंडाची भिंत आहे. पॅसिफिक किंवा अटलांटिकसारखी उत्तर ध्रुवाकडे उष्णता नेण्याची वाट त्याला नाही. पॅसिफिकमधल्या एल निनोच्या वर्षांत हा समुद्र तापतो, पण ला निनाच्या वर्षांत तो तितका थंड होत नाही, हेही या संशोधनातून पुढे आले.

त्यानंतरचे टप्पे कोणते?

एका प्रश्नातून दुसरा निघत गेला. २०१६ च्या शोधनिबंधात त्यांनी दाखवले की समुद्र तापल्याने पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पतिप्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले. वरचे कोमट पाणी खालच्या थंड, पोषक पाण्यात मिसळेनासे झाले. मासळीचे अन्नच इथून सुरू होते.

२०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या शोधनिबंधाने पावसाचे कोडे सोडवले. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या होत्या आणि त्यासाठीचे बाष्प मोठ्या प्रमाणात अरबी समुद्राकडून येत होते. या कामात पवईच्या आयआयटी मुंबईचे सुबिमल घोष, रघु मुर्तुगुड्डे आणि आयआयटीएमचेच मिलिंद मुजुमदार सहभागी होते.

२०२२ मध्ये उष्णतेच्या लाटांचा विषय थेट समुद्रात गेला. जमिनीवर जशी उष्णतेची लाट येते तशी समुद्रातही येते. पृष्ठभागाचे तापमान त्या हंगामाच्या नेहमीच्या मर्यादेबाहेर जाऊन किमान पाच दिवस तिथेच राहिले, तर तिला सागरी उष्णतेची लाट म्हणतात. १९८२ ते २०१८ या काळात पश्चिम हिंदी महासागरात अशा ६६ लाटा आल्या आणि दर दशकाला त्यांत सुमारे दीड लाटेची भर पडत गेली. हिंदी महासागरात हा वाढीचा वेग सर्वाधिक होता.

पुढे काय, याचा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० ते २०२० या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागर शतकाला १.२ अंश या वेगाने तापत होता. २०२० ते २१०० या काळात हा वेग शतकाला १.७ ते ३.८ अंश राहू शकतो. सागरी उष्णतेच्या लाटांचे दिवस वर्षाला सरासरी २० होते, ते २२० ते २५० पर्यंत जाऊ शकतात. म्हणजे लाट हा अपवाद न राहता नेहमीची अवस्था होईल. सर्वाधिक तापणाऱ्या भागात अरबी समुद्र आहे.

याचा मुंबईच्या उकाड्याशी संबंध काय?

कोल यांचे शोधनिबंध मुंबईच्या एखाद्या प्रभागावर नाहीत, ते संपूर्ण महासागरावर आहेत. पण शहराच्या तीन बाजूंना जो समुद्र आहे, तो त्याच महासागराचा भाग आहे. दुवा समजायला मुंबईचा उन्हाळ्यातला एक दिवस पाहावा लागतो.

पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून असतो. सूर्य वर येतो तशी जमीन समुद्रापेक्षा वेगाने तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि रिकाम्या जागी समुद्रावरची हवा आत शिरते. हाच समुद्री वारा. तो साधारण अकराच्या सुमारास स्थिरावला तर पारा फार चढत नाही. पूर्वेकडचे कोरडे वारे जोरदार असले तर समुद्री वारा अडतो, दुपारी उशिरा येतो आणि तोवर पारा उसळी घेतो. मुंबईतले विक्रमी तापमान मे महिन्याऐवजी मार्च-एप्रिलमध्ये नोंदले जाते, ते यामुळेच. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश, तर २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश अशी नोंद आहे.

म्हणजे समुद्र मुंबईला थंड ठेवतो, हे आजही खरे आहे. बदल झाला आहे तो वाऱ्याबरोबर येणाऱ्या बाष्पात. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. समुद्र तापला की बाष्पीभवनही वाढते. परिणामी समुद्री वारा पारा खाली आणतो, पण सोबत दमटपणा घेऊन येतो. दुपारी अंगाला बरा वाटणारा तोच वारा रात्री पडला की बाष्प शहरावर साचून राहते. बाष्प हा स्वतःच उष्णता अडवणारा वायू आहे. जमिनीतून रात्री निघणारी उष्णता तो सहज बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे पहाटेही गारवा येत नाही.

आयआयटीएममधील इतर शास्त्रज्ञांचे कामही याच्याशी जुळते. द. रा. कोठावळे, जयश्री रेवाडेकर आणि के. रूपा कुमार यांनी १९७० ते २००५ मधल्या मार्च ते मे या महिन्यांतील रोजच्या तापमानाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. पश्चिम किनाऱ्यावर उष्ण दिवसांची संख्या लक्षणीय वाढल्याचे आणि उष्ण रात्रींची वाढ देशभर असल्याचे त्यात दिसले. पी. रोहिणी, एम. राजीवन आणि ए. के. श्रीवास्तव यांनी २०१६ मध्ये दाखवले की भारतातील उष्णतेच्या लाटांचा संबंध उष्णकटिबंधीय हिंदी महासागर आणि मध्य पॅसिफिक महासागर यांच्या तापमानाशी आहे. समुद्र आणि जमीन यांचे ताप वेगवेगळे मोजता येतात, पण ते वेगवेगळे नाहीत.

मग ‘उष्णतेची लाट’ कधी जाहीर होते?

भारतीय हवामान विभागाचे निकष ठरलेले आहेत. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंश किंवा अधिक हवे आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवे. हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस अशी स्थिती राहिली, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. मैदानी भागासाठी ही पातळी ४० अंश आहे.

या व्याख्येत आर्द्रता नाही. ३५ अंशांच्या अतिशय दमट दिवशी मुंबईत तांत्रिकदृष्ट्या लाट नसते. हवामान विभाग आता कोकणासाठी ‘उष्ण व दमट हवामान’ असा वेगळा इशारा देतो, हा चांगला बदल आहे. पण ‘लाट’ या शब्दाने यंत्रणा जशी हलते, तशी या शब्दांनी हलत नाही.

याची किंमत १६ एप्रिल २०२३ रोजी मोजावी लागली. नवी मुंबईत खारघरच्या खुल्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंचा समुदाय भर उन्हात तासन् तास बसला होता. उष्माघाताच्या त्रासाने १४ जणांचा जीव गेला. तापमान तेव्हा ४० अंशांच्या आतच होते. त्यानंतर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला.

त्याच एप्रिलमधील दमट उष्णतेचा अभ्यास ‘वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्युशन’ या आंतरराष्ट्रीय गटाने केला. त्यांनी नुसते तापमान न घेता तापमान व आर्द्रता एकत्र धरली. मानवनिर्मित हवामान बदलामुळे भारत आणि बांगलादेशातील अशा घटनेची शक्यता किमान ३० पटींनी वाढली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

गिरगाव, लालबाग, परळला झळ जास्त का?

हवामान केंद्रावरचा थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीत, झडपांच्या हवेशीर पांढऱ्या पेटीत असतो. जगभर तुलना करता यावी म्हणून ते योग्यच आहे. पण त्या पेटीत कोणी राहत नाही. वरच्या मजल्यावर पत्र्याखालची दहा बाय बाराची खोली, एकच खिडकी, आत चुलीवर भात आणि चार माणसे, ही परिस्थिती त्या आकड्यात येत नाही.

जुन्या चाळींची रचना मुळात हवेचा विचार करणारी होती. पुढे-मागे गॅलरी, उंच छत, मधले अंगण, दाराला दार. काळाच्या ओघात गॅलऱ्या बंद झाल्या, माळे चढले, छतावर पत्रे आले. भोवती टॉवर उठले आणि वाऱ्याच्या वाटा अडल्या. समोरच्या इमारतीतल्या एसीची गरम हवा नेमकी चाळीच्या खिडकीसमोर येते. काँक्रीट आणि डांबर दिवसभर तापते आणि रात्रभर ती उष्णता परत करते. शहरी भागाचे हे ‘उष्ण बेट’ समुद्राच्या दमटपणावर येऊन बसते.

गिरणगावाचा इतिहासही यात आहे. सुती धागा कोरड्या हवेत तुटतो, दमट हवेत टिकतो. मुंबईची हवा कापड गिरण्यांना मानवली, त्याचे हे एक कारण. खात्यांमध्ये पाण्याचे फवारे मारून आणखी दमटपणा आणला जायचा आणि कामगार त्यातच पाळी काढायचे. गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जमिनी हा परळ-लालबागसाठी मोकळ्या श्वासाचा अखेरचा मोठा साठा होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ नुसार या जमिनीचा साधारण एकतृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी आणि तितकाच परवडणाऱ्या घरांसाठी मिळणार होता. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची होईल, असे ठरले आणि शहराच्या वाट्याला फार थोडे आले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. त्या जागांवर झाडे असती, तर आज परळची दुपार थोडी वेगळी असती. हा निर्णय घेताना कोणी त्याकडे उष्णतेचा प्रश्न म्हणून पाहिले नव्हते.

उन्हाळा हाच इथल्या अनेक कामांचा हंगाम आहे, हेही लक्षात घ्यायला हवे. लालबागला मिरच्या भाजून वर्षाचा मसाला कुटण्याची लगबग असते. परळ-लालबागच्या कार्यशाळांमध्ये ताडपत्रीखाली गणेशमूर्तींचे काम सुरू होते. दादरच्या फूलबाजारातले हमाल, डबेवाले, सामान पोहोचवणारी मुले यांना दुपारी घरी बसा, हा सल्ला देऊन उपयोग नाही.

तापमानाची मोजणी पुरेशी आहे का?

मुंबई या बाबतीत भाग्यवान आहे. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली आणि १८४१ पासून तिथे नियमित निरीक्षणे होऊ लागली. मराठीतून गणित आणि खगोलशास्त्र लिहिणारे, पुढे लोकमान्य टिळकांचे शिक्षक झालेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी इथेच काम केले. एवढ्या दीर्घ नोंदी देशात मोजक्याच ठिकाणी आहेत. दीर्घ नोंदी नसत्या तर समुद्र १.२ अंशांनी तापला, हे कोल यांनाही सांगता आले नसते.

पण शहराचा अधिकृत आकडा आजही प्रामुख्याने दोन ठिकाणांहून येतो. कुलाबा समुद्राने वेढलेले, तर सांताक्रूझ विमानतळाजवळ. या दोन टोकांच्या मधल्या गिरगाव ते दादर या दाट वस्तीची उष्णता वेगळी असते. महापालिकेची स्वयंचलित हवामान केंद्रे शहरभर आहेत. पावसाळ्यात त्यांचे आकडे मिनिटामिनिटाला पाहिले जातात. उन्हाळ्यात त्याच केंद्रांचे तापमान आणि आर्द्रता प्रभागनिहाय जाहीर झाली, तर फार मोठा खर्च न करता चित्र स्पष्ट होईल.

इतर शहराने काय करून दाखवले?

मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची भीषण लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचे डॉ. दिलीप मावळणकर आणि सहकाऱ्यांनी यासाठी एक साधा मार्ग वापरला. उष्माघाताची नोंद असलेलेच मृत्यू न मोजता त्यांनी सर्व मृत्यूंची रोजची संख्या तापमानाशेजारी ठेवली. उष्णतेचे बहुतेक बळी ‘हृदयविकार’ किंवा ‘मूत्रपिंड निकामी’ या नोंदीखाली दडलेले असतात.

त्यातून शहराची स्वतःची धोक्याची पातळी ठरली आणि २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिला शहरी उष्णता कृती आराखडा तयार झाला. रंगांचे इशारे, रुग्णालयांची तयारी, पाणपोया, छतांना पांढरा रंग, कामाच्या वेळांत बदल, अशी त्यातली कामे खर्चिक नव्हती. या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळल्याचा अंदाज २०१८ च्या अभ्यासात मांडला गेला.

मुंबईचे काय?

मुंबई हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. ऊर्जा व इमारती, वाहतूक, घनकचरा, हरितीकरण व जैवविविधता, हवेची गुणवत्ता आणि पूर व जलव्यवस्थापन असे त्याचे सहा विभाग आहेत. उष्णता हा स्वतंत्र विभाग त्यात नाही. तिचा विचार मुख्यतः हरितीकरणाच्या अंगाने येतो. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईने पाणी मोजायला शिकले. उष्णता आवाज न करता येते, रस्ते बंद करत नाही, लोकल थांबवत नाही. म्हणून ती मागे राहते.

संशोधनाचा रोख पाहता तीन गोष्टी तातडीच्या ठरतात. पहिली, मुंबईची धोक्याची पातळी पारा, आर्द्रता आणि रात्रीचे तापमान एकत्र धरून ठरवणे. त्यासाठी केईएम, नायर, सायन या रुग्णालयांतील आणि महापालिकेच्या मृत्यूनोंदणीतील आकडे हवामानाच्या नोंदींशेजारी ठेवावे लागतील. दुसरी, चाळींच्या पुनर्विकासात वाऱ्याची वाट आणि मोकळी जागा यांना केवळ शोभेची बाब न मानणे. तिसरी, सागरी उष्णतेच्या लाटांचे निरीक्षण शहराच्या पूर्वसूचनेशी जोडणे. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, त्यामुळे तो काही दिवस आधी खूण देतो.

मोजणीत नागरिकही भाग घेऊ शकतात. कोल यांच्या गावाकडे, मीनाचिलच्या खोऱ्यात, शाळकरी मुले आणि गावकरी पाऊस व नदीची पातळी मोजतात आणि पुराच्या काळात ती माहिती कामी येते. गिरगाव-लालबागच्या शाळा, मंडळे आणि चाळसमित्या यांना खोल्यांतील तापमान व आर्द्रता मोजणे अवघड नाही. गणेशोत्सवात हजारोंची शिस्तबद्ध व्यवस्था उभारणारी मंडळे एप्रिलमध्ये एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करून रोज एक फेरी मारू शकतात.

तोवर आपण काय करावे?

मुंबईच्या दमट हवेत पंखा उपयोगी पडतो, कारण तो अंगाभोवतीची बाष्पाने भरलेली हवा हलवतो. अंगावर ओला पंचा घेऊन पंख्याखाली बसल्यास फायदा वाढतो. तहान लागण्याआधी थोडे थोडे पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत घ्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाणी आणि मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

थकवा, पेटके, डोकेदुखी, मळमळ ही पहिली सूचना असते. बोलणे असंबद्ध होणे, भ्रम, शुद्ध हरपणे आणि अंग भट्टीसारखे तापणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. शरीराचे तापमान ४० अंशांवर गेलेले असू शकते. अशा वेळी १०८ वर फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत थांबू नये. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतावे, पंखा लावावा, मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा थंड फडके ठेवावे. शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजू नये.

मोबाइलवर तापमान बघताना त्याच्या खालचा आर्द्रतेचा आकडाही बघावा आणि रात्रीचे किमान तापमानही. सलग तीन-चार रात्री खोली निवलेली नसेल, तर पारा ३४ वर असला तरी तो दिवस साधा नाही, असे समजावे. घरातल्या आणि शेजारच्या वृद्धांची चौकशी त्या दिवशी आवर्जून करावी.